कुलकर्णी : वतन, आडनाव आणि पडद्यावरील पात्र

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील अनेक आडनावांच्या मुळाशी गाव, व्यवसाय अथवा वतन आढळते. ‘कुलकर्णी’ हे वतनदर्शक आडनाव होय. कुळांचा लेखाजोखा ठेवणारा गावकामगार, हा त्याचा मूळ अर्थ. आज मात्र हे आडनाव अभिनेते आणि मालिकांतील पात्रे यांच्यामुळे घरोघरी परिचित आहे. गावच्या सत्तेचे पदनाम मनोरंजनाच्या क्षेत्रात कसे स्थिरावले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वतनाचा अस्त :
गावगाड्यात पाटील हा कारभाराचा प्रमुख, तर कुलकर्णी हा दप्तराचा धनी होता. जमीन, सारा व बाकी यांच्या नोंदी त्याच्या हाती असल्याने निरक्षर रयत त्याच्या लेखणीवर अवलंबून असे. त्यामुळेच सत्यशोधक साहित्याने या पदावर कठोर टीका केली. मुकुंदराव पाटील यांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने बरखास्त करून तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ही वतने संपुष्टात आली. परभणी जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. तेथे या कामगाराला ‘पटवारी’ म्हणत. आडनाव मात्र कुलकर्णीच राहिले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. कालांतराने दप्तर तलाठ्याकडे गेले आणि पद सरून नाव उरले.

कलावंत आणि पात्र :
सत्तेपासून सुटलेले हे नाव कलावंतांना अडसर ठरले नाही. अतुल कुलकर्णी यांनी ‘हे राम’ व ‘चांदनी बार’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविले. सोनाली कुलकर्णी या एकाच नावाच्या दोन अभिनेत्री मराठी चित्रपटात आहेत. मृणाल कुलकर्णी यांना हे आडनाव विवाहाने लाभले. ‘देऊळ’ (२०११) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटाचे दिग्दर्शक उमेश कुलकर्णी, लेखक व नायक गिरीश कुलकर्णी. ज्येष्ठ सोनाली कुलकर्णी यांचीही त्यात भूमिका आहे. गिरीश कुलकर्णी त्यात गुरे राखणारा केशव साकारतात. ‘नटरंग’ (२०१०) मध्ये धाकट्या सोनाली कुलकर्णी तमाशातील नर्तकी होतात. प्रेक्षक त्यांचे आडनाव विसरून भूमिका स्वीकारतो.

पात्राच्या बाबतीत मात्र उलट घडते. ‘अग्गबाई सासूबाई’ (२०१९-२०२१) या मालिकेतील दत्तात्रय बंडोपंत कुलकर्णी हे करड्या शिस्तीचे सासरे रवी पटवर्धन यांनी, तर त्यांच्या धाकात वावरणारी विधवा सून आसावरी निवेदिता सराफ यांनी साकारली. येथे आडनाव उच्चारताच जात, संस्कार व मध्यमवर्गीय घर प्रेक्षकाच्या मनात उभे राहते. गावावरची हुकमत गेली, तरी तिची सावली कथेत घरातील वडीलधाऱ्याच्या ठायी उरली आहे. आसावरीचा पुनर्विवाह हा या हुकमतीलाच दिलेला छेद ठरतो.

निष्कर्ष :
कायद्याने वतन नष्ट होते, परंतु नावाला चिकटलेला सामाजिक अर्थ नष्ट होत नाही. कलावंत आपल्या गुणांनी तो अर्थ पुसू शकतो. पटकथालेखक मात्र त्याचाच उपयोग करतो. म्हणून मालिकांतील आडनावे ही सामाजिक इतिहासाची दुय्यम साधने मानून तपासली पाहिजेत. ज्या कुळांची नावे कुलकर्ण्याच्या दप्तरात लिहिली गेली, त्यांच्या आडनावांची पाटी मालिकेतील घराच्या दारावर कितीदा लागली, हा त्या तपासणीतील पहिला प्रश्न असावा.