धोबी तलावची जर्मन शाळा

सातपुड्यात, धडगावसारख्या ठिकाणी, जर्मन शाळेचा इतिहास कशासाठी, असे वाचक विचारतील. इथली पावरा व भिल्ल मुले घरी एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरीत शिकतात. त्यांच्याकडे पाहताना आम्हाला मुंबईच्या सेंट झेवियर्स हायस्कूलमधील जर्मन गुरुजन आठवतात. तेही परक्या भाषेतून परक्या मुलांना शिकवीत होते.

येशूसंघाच्या जर्मन प्रांताने मुंबई मिशनचा भार 1850 च्या दशकात उचलला. बर्लिनमध्ये जन्मलेले महागुरू लिओ म्युरिन यांच्या कारकिर्दीत, 1869 साली, झेवियर्सची शाळा व महाविद्यालय सुरू झाले. 1872 साली बिस्मार्कच्या सरकारने येशूसंघाला जर्मन साम्राज्यातून कायद्याने हद्दपार केले. तो कायदा 1917 पर्यंत टिकला. मायदेशात शाळा चालविणे अशक्य झालेले हे विद्वान सीमेपलीकडे विखुरले. ऑस्ट्रियातील फेल्डकिर्ख येथे त्यांचे ‘स्टेला मातुतिना’ हे विद्यालय होते. (शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल तेथे 1875-76 मध्ये वर्षभर शिकले.) मुंबई हे त्यांचे असेच एक कार्यक्षेत्र ठरले. जर्मनीचे नुकसान हा आमचा लाभ झाला, हे म्हणणे काहीसे निष्ठुर वाटेल; पण ते खरे आहे.

जर्मन माध्यमिक शाळेला ‘गिम्नाझियम’ म्हणतात. नाव ऐकून तालीमखाना डोळ्यांपुढे येतो, परंतु तेथे व्यायाम घडतो तो बुद्धीचा : लॅटिन, ग्रीक, गणित आणि अखेरीस ‘आबितूर’ ही कठोर परीक्षा. मुंबईत हा अभ्यासक्रम जसाच्या तसा आणणे शक्य नव्हते. माध्यम इंग्रजी, परीक्षा मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, आणि ख्रिस्ती मुलांसोबत पारशी व हिंदू मुले. म्हणून आमच्या मते शाळेचे जर्मनपण विषयांपेक्षा पद्धतीत शोधावे लागते. तिच्या मुळाशी येशूसंघाची 1599 सालची अध्यापनसंहिता होती. शिक्षकाने आधी पाठ उलगडून दाखवावा, मग विद्यार्थ्याने त्याची उजळणी करावी, मग स्वतः लिहून काढावे. या शिस्तीत पाठांतराच्या अतिरेकाचा धोका होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि शिक्षकाला तयारीविना वर्गात पाऊल टाकता येऊ नये, हा तिचा आग्रह आम्हाला मोलाचा वाटतो.

1914 साली महायुद्ध पेटले आणि हे गुरुजन एका दिवसात ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. काहींना अहमदनगरच्या छावणीत, काहींना खंडाळ्यात स्थानबद्ध करण्यात आले. 1916 साली ‘गोळकोंडा’ जहाजातून जर्मन मिशनरींची पाठवणी झाली. ज्यांना स्वतःच्या देशाने एकदा घालवून दिले होते, त्यांच्याच संघबंधूंना आता त्याच देशाचे म्हणून घालविण्यात आले! शाळा मात्र बंद पडली नाही. अ‍ॅल्बन गुडियर यांच्यासारखे इंग्रज येशूसंघीय कामास लागले. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लाटर स्वित्झर्लंडचे असल्याने मुंबईत राहू शकले. पुढे 1920 च्या दशकात स्पॅनिश येशूसंघीय आले.

या ताटातुटीची झळ ‘निरोप्या’च्या वाचकांनाही परिचित असावी. 1903 साली ते मासिक सुरू करणारे जर्मन येशूसंघीय हेन्रिक डोरिंग 1907 मध्ये पुण्याचे महागुरू झाले. युद्ध सुरू झाले तेव्हा ते युरोपात होते, आणि परतीची वाट बंद झाली. 1921 साली त्यांच्यावर जपानमधील हिरोशिमाची जबाबदारी सोपविण्यात आली. पुण्याला आपले महागुरू पुन्हा लाभले, ते 1927 साली.