मुदगडचा पहिलवान, पुण्याचा वस्ताद

श्रोतेहो, माळेगावच्या खंडोबाची जत्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कुस्त्यांचा फड भरतो, हलगी कडाडते, शेवटची कुस्ती निकाली होते आणि जिंकलेल्या गड्याला लोक खांद्यावर घेतात. पण वीस वर्षांनी तो गडी काय करतो, हे कोण विचारतो? आज ज्यांची हकीकत सांगायची आहे, त्या हरिश्चंद्र बिराजदारांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यानेच दिले.

निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. जन्म १९५० चा. हैदराबाद संस्थान भारतात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती. तालमी आपल्याकडेही होत्या; पण मोठ्या कुस्तीला लागणारा खुराक, जोडीचे गडी आणि नावाजलेले वस्ताद यांचे माहेर म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला राजाश्रय दिला होता. म्हणून मुदगडचे हे पोर कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले.

१९६९ साली लातूरला अधिवेशन भरले आणि बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले. आपल्याच मुलखात गदा मिळाली! पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८२ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदके मिळाली, आणि पाचही कुस्तीचीच. पुढे १९७७ साली बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालांना हरविले. ती कुस्ती जुनी माणसे अजून सांगतात.

पण शरीर कोणाचे थांबते? ताकद ओसरली, की पहिलवानाजवळ उरते ती विद्या. ती स्वतःजवळ ठेवली, तर माणसाबरोबरच जाते. बिराजदारांनी ती वाटली. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरे घडवू लागले. लाल मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. मॅटवर मात्र गुण आणि मिनिटे मोजावी लागतात. दोन्हीकडे जिंकलेला वस्ताद लाभणे, हे त्या पोरांचे भाग्यच म्हणायचे.

त्यांच्या शिष्यांत लातूर जिल्ह्याचेच काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि पुढे स्वतः वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारेही बिराजदारांच्या हाताखाली तयार झाला. २०११ साली बिराजदार गेले, तेव्हा हा शिष्य अजून मोठ्या यशाची वाट पाहत होता. मग काका पवारांनी त्याला पुढे नेले. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राहुलने राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. एडिंबरोनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी तेच पदक पुन्हा वस्तादांच्या नावे आले.

आता एक गोष्ट मनाला लागते. गुरू आपला, शिष्य आपले, पण तालीम पुण्याची! मराठवाड्याच्या पोराला आजही वळकटी बांधून बाहेर जावे लागते. गावातल्या कितीतरी तालमींना कुलूप आहे. गुरुजनहो, त्या तालमीची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी उद्या गावात विचारा. एखादा थकलेला पहिलवान पारावर बसलेला असेलच. त्याच्याकडे दोन पोरे पाठवा. वस्ताद तिथूनच सुरू होतो.