उंबरठ्यावरची पेटी

माझी भाची बर्लिनला असते. मागच्या हिवाळ्यात तिनं घर बदललं आणि एका रात्री फोन करून विचारलं, "मामू, इंटरनेटवाले म्हणतात, राउटर आमचाच भाड्यानं घ्या. कचेरीतले लोक म्हणतात, स्वतःचा घे आणि युरोपात बनलेला घे. काय करू?" कवितेच्या वहीत डोकं घालून बसणाऱ्या मामाला हा प्रश्न! पण मी इतिहास घेऊन बी. ए. झालेला माणूस. म्हटलं, यंत्र कळणार नाही, निदान त्याचा इतिहास तरी वाचू.

राउटर म्हणजे घराची देवडी. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक निरोप तिथूनच जातो. आज बहुतेक पाकिटं चिकटवलेली असतात, आतला मजकूर देवडीवाल्याला वाचता येत नाही. पण पाकीट कुणाच्या दारी चाललं आहे, घरात किती वाजेपर्यंत जाग होती, हे त्याला कळू शकतं. म्हणून खरा प्रश्न असा, की हा देवडीवाला कुणाचा नोकर? आपला, की रस्ता बांधणाऱ्याचा?

जर्मनीत हा प्रश्न राउटरच्याही आधीचा आहे. पश्चिम जर्मनीत टेलिफोन टपालखात्याचा असे. घरातलं करड्या रंगाचं यंत्रसुद्धा खात्याच्याच मालकीचं, आपण फक्त भाडेकरू. आपल्याकडच्या टेलिफोन खात्याचा तो काळा, जड फोन ज्यांना आठवतो, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तारेला स्वतःचं यंत्र जोडणं तिथं बेकायदा होतं. 1980 च्या दशकात केऑस कॉम्प्युटर क्लबच्या तरुणांनी यावर एक गमतीदार तोड काढली. प्लंबरकडे मिळणाऱ्या रबरी कड्यांत फोनचा रिसीव्हर बसवून त्यांनी संगणकाचे संदेश आवाजाच्या रूपानं पाठवले. तारेला हात लावला नाही आणि काम झालं! 1990 मध्ये यंत्रांवरची ही मक्तेदारी संपली.

त्याच पश्चिम बर्लिनमध्ये, भिंत अजून उभी असताना, 1986 साली चार तरुणांनी एव्हीएम नावाची छोटी कंपनी काढली. आधी संगणकाला टेलिफोनच्या तारेशी जोडणारी कार्डं केली. 2004 मध्ये 'फ्रिट्झबॉक्स' आणला. फ्रिट्झ हे फ्रीडरिश या नावाचं लाडकं रूप, जसं आपल्याकडे इब्राहिमचा इब्बू होतो. ही लाल-रुपेरी पेटी जर्मन घरांत ओळखीची झाली.

अशा पेट्या आणखीही आहेत. लाटव्हिया 1991 मध्ये सोव्हिएत संघातून मोकळा झाला आणि पाचच वर्षांनी रिगा शहरात मायक्रोटिक ही कंपनी सुरू झाली. चेक देशात '.सीझेड' पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं 2013 मध्ये टुरिस हा प्रकल्प हाती घेतला. नाममात्र भाड्यानं लोकांच्या घरी राउटर बसवले आणि इंटरनेटवरून घरांवर कसे हल्ले होतात, याचा त्यांच्या संमतीनं अभ्यास केला. पुढे विकायला काढलेल्या पेटीची आज्ञावली कुणालाही वाचता येईल अशी खुली ठेवली.

पण मक्तेदारी वेश बदलून येते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या, विशेषतः केबलवाल्या, 'आमचाच राउटर' असा आग्रह धरू लागल्या. कुणी जोडणीचा परवलीचा शब्दच देईना. लोकांनी ओरड केली आणि 1 ऑगस्ट 2016 पासून कायदा झाला: कंपनीची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी संपते. पुढचं यंत्र ग्राहकाच्या पसंतीचं, आणि जोडणीची माहिती त्याला द्यायलाच हवी.

त्याच वर्षी नोव्हेंबरात याचं मोल दिसलं. डॉइच टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचे राउटर एका हल्ल्यात कोलमडले. सगळ्यांच्या दारावर एकाच घडणीचं कुलूप असलं, की चोराला एकच किल्ली पुरते.

मग युरोपचा शिक्का पाहिला की झालं का? नाही. बर्लिनच्याच एव्हीएमनं एका दुसऱ्या कंपनीला आपल्या राउटरमधली आज्ञावली बदलण्यापासून रोखायला कोर्टाचं दार ठोठावलं होतं. 2011 मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं सांगितलं, की त्यातला जो भाग मुक्त परवान्याचा आहे, तो बदलायला तुम्ही आडकाठी करू शकत नाही. म्हणजे गावचा कारागीरसुद्धा कधीकधी घरमालकाला विसरतो. शिवाय पेटी युरोपात जुळवली, तरी आतल्या चिपा बहुधा आशियात घडलेल्या असतात.

म्हणून मी भाचीला म्हटलं, "बेटा, पेटी कुठली हे विचार, पण तिथंच थांबू नकोस. किती वर्षं दुरुस्त्या मिळतील? प्रत्येक पेटीचा मूळ परवलीचा शब्द वेगळा आहे का? बिघाड निघाला तर कुणाच्या कायद्यापुढे उभं करता येईल?" या शेवटच्या प्रश्नात युरोपचं खरं वजन आहे. तिथं 2024 च्या अखेरीस नवा सायबर कायदा लागू झाला. त्याची मुख्य बंधनं डिसेंबर 2027 पासूनची आहेत. अशा वस्तूंना साधारण किमान पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणं त्यात अपेक्षित आहे, आणि युरोपात विकायचं तर बाहेरच्या कंपन्यांनाही यातून सुटका नाही.

भाचीनं शेवटी बर्लिनची पेटी विकत घेतली. आठवड्यानं फोन आला. "मामू, पहिल्यांदा परवलीचा शब्द बदलला. आणि यात पाहुण्यांसाठी वेगळी वाट ठेवता येते. त्यांना इंटरनेट मिळतं, पण आपल्या घरातल्या यंत्रांपर्यंत पोचता येत नाही."

मी हसलो. गावच्या आमच्या घरात बाहेरची बैठक असायची. पाहुणा तिथं बसे, पान खाई, सुखदुःख बोले. आतला पडदा मात्र आमची अम्मीच सरकवी. पडदा कधी सरकवायचा, हे तीच ठरवायची.