दुसऱ्याच्या नावाची उडी

सिनेमातली नायिका भरधाव घोड्यावरून पडते, तेव्हा आपला जीव वरखाली होतो. पुढच्याच दृश्यात ती केस सावरत उभी राहते आणि आपण टाळ्या वाजवतो. खरी पडलेली बाई मात्र तोवर अंगावरची धूळ झटकून बाजूला झालेली असते. अशाच एका बाईची ही गोष्ट.

तिचं नाव रोझ वेंगर. जन्म १८९२चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातला. घोडेस्वारीचे खेळ पाहून ती भारावली आणि जाहिरात वाचून थेट ओक्लाहोमातल्या '१०१ रँच'च्या ताफ्यात दाखल झाली. धावत्या घोड्यावरून वाकून जमिनीवरचा रुमाल उचलायला ती तिथंच शिकली. १९११ साली ताफ्याचा मुक्काम कॅलिफोर्नियात होता. सिनेमावाल्यांनी या स्वारांना आठवड्याला ८ डॉलर देऊन कामाला लावलं. पुढं १९१३ साली तिनं हूट गिब्सन या घोडेस्वाराशी लग्न केलं.

त्या काळात कालेम कंपनीची 'द हॅझर्ड्स ऑफ हेलन' ही मूकपट-मालिका फार गाजत होती. दर आठवड्याला एक भाग, असे एकूण ११९ भाग. रेल्वे स्टेशनवर तारेचं काम करणारी मुलगी चोर-दरोडेखोरांना पकडते, असा तिचा मामला. नायिका होती हेलन होम्स, तर तिच्या बदली धोक्याची कामं करायची रोझ. १९१५मध्ये होम्स कंपनी सोडून गेली आणि भूमिका रोझकडे आली. पण कंपनीनं तिचं नाव बदलून 'हेलन' केलं. आम्ही कवी हौसेनं टोपणनाव घेतो. हिला ते नोकरीबरोबर मिळालं.

एका भागात तिनं स्टेशनच्या छपरावरून धावत्या गाडीच्या टपावर उडी घेतली. उडी अचूक बसली, पण गाडीच्या वेगानं ती टपावरून गडगडत कडेपर्यंत गेली. हवेसाठी ठेवलेला झरोका हाती लागला म्हणून वाचली. तशातही तिनं अंग मुद्दाम कडेबाहेर लोंबकळत ठेवलं, दृश्य रंगावं म्हणून! आपल्याकडे नादिया 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये गाडीच्या टपावर लढली ती १९३६ साली. त्याच्या वीसएक वर्षं आधीची ही हकिगत.

मालिका १९१७मध्ये संपली. रोझनं स्वतःची निर्मिती संस्था काढली, ती बुडाली. आजारपण आलं, नवऱ्याशी फारकत झाली. मग पुन्हा सर्कस, आणि त्यानंतर पुन्हा हॉलिवूड. पण आता मेरी ड्रेसलर, एथेल बॅरीमोर अशा मोठ्या नट्यांच्या बदली पडायला, धडपडायला. जिथून सुरुवात केली, तिथंच ती परत आली. वयाच्या ६९व्या वर्षी जॉन फोर्डच्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये तिनं घोडागाडी हाकली. मेहनताना ३५ डॉलर. १९७७ साली ती वारली.

अमेरिकी सिनेमातली पहिली व्यावसायिक स्टंटबाई म्हणून इतिहास तिची नोंद करतो. तीही 'हेलन गिब्सन' या नावानं. त्यातलं एक नाव कंपनीचं, दुसरं नवऱ्याचं. तिची स्वतःची होती ती फक्त उडी.