इंदूरचा खड्डा आणि कंपनीचा अहवाल

शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या एखाद्या कंपनीचा शाश्वततेचा अहवाल हाती आला, की मी त्यात एकच गोष्ट शोधतो: मातीत परत काय गेलं? सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला. त्यात पाणी, ऊर्जा, कचरा, पुनर्वापर यांचे रकाने आहेत. मातीसाठी ठरलेला रकाना नाही.

हा हिशेब कोणी मांडलाच नव्हता असं मात्र नाही. १९२४ साली होळकरांच्या इंदुरात कापसाच्या संशोधनासाठी एक संस्था सुरू झाली. संचालक अल्बर्ट हॉवर्ड, रसायनाच्या कामाला यशवंत वाड. दोघांनी मिळून लिहिलेलं ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ १९३१ मध्ये आलं आणि त्यातली ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे आद्यपुरुष ठरले; वाडांचं नाव आपल्याकडेही फारसं कोणी घेत नाही.

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद. पऱ्हाट्या, तुराट्या असला टणक माल आधी शेतरस्त्यावर पसरायचा, बैलगाड्यांची चाकंच तो चेचून काढत. (यंत्राचा खर्च शून्य!) मग तो गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. नंतर शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांच्यासोबत खड्ड्यात थर. तीनदा उलथापालथ, तीन महिन्यांत खत. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण सुरुवातीला साधारण ३३ ला १ ठेवायचं, शेवटी ते १० ला १ च्या आसपास यायला हवं. कारण काडीकचरा कच्चाच मातीत गाडला, तर तो कुजवताना जिवाणू मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणजे किती परत दिलं एवढंच नाही, कोणत्या अवस्थेत दिलं तेही हे दोघे मोजत होते. या पद्धतीला मजुरी बरीच लागते, हेही खरं.

आता आपला साखर कारखाना बघा. उसाचं चिपाड बॉयलरमध्ये, त्यावर वीज, मळीपासून इथेनॉल. कागदावर फारसं काही वायाच जात नाही. पण चिपाडातला कार्बन धुराड्यातून गेला. शेतात परतते ती मुख्यतः प्रेसमड, तीही शेतकऱ्याला वाहतूक परवडली तर. आणि तोडणीनंतर फडात राहिलेलं पाचट? ते कारखान्याच्या फाटकापर्यंत आलेलंच नसतं. शेतकऱ्याने ते पेटवलं काय, सरीत कुजवलं काय, पुनर्वापराचा टक्का तोच राहतो.