उन्हाळी सुटी आणि पावसाळ्याची बेगमी

मराठी आत्मपर गद्यात कोकणातील उन्हाळी सुटी वारंवार येते. आंबे, फणस, करवंदे आणि आजीच्या हातचे पदार्थ यांच्या या आठवणी बहुधा निर्भेळ निसर्गसुखाच्या म्हणून वाचल्या जातात. त्यांच्याकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून पाहिल्यास निराळे चित्र दिसते.

मुळात या फळांनाच इतिहास आहे. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. ‘हापूस’ हे नावही अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीच्या नावावरून आले, असे मानले जाते. सुटीचेही तसेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य पुरुष तेथे कामाला गेले. या चाकरमान्यांची शहरात वाढणारी मुले शाळा बंद झाली की गावी येत. पूर्वी बोटीने, नंतर एस.टी.ने आणि १९९८नंतर कोकण रेल्वेने. म्हणजे आठवणींतले ते भरलेले घर एरवी अर्धे रिकामेच असे.

त्या घरात सुटीच्या दिवसांत काय चाले, हे १९६०च्या दशकातील माझ्या बालपणी मी पाहिले आहे. रायवळ आंब्याचा रस ताटांत पसरून उन्हात वाळवायचा, थरावर थर देत त्याची साठे करायची. बरक्या फणसाच्या रसात तांदळाच्या कण्या घालून सांदणे उकडायची. आठळ्या जपून ठेवायच्या. कोकमाची साले मीठ घातलेल्या कोकमाच्याच रसात पुन्हापुन्हा भिजवून वाळवली की आमसुले होत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागण्यापूर्वी हे सारे उरकावे लागे. पुढे धो धो पावसात ताजी भाजी दुर्मीळ होई, तेव्हा आठळ्यांची भाजी आणि आमसुलांचे सार यांवरच दिवस निघत. कावळे हाकलता हाकलता साठाची कड तोडून खाणाऱ्या आम्हां मुलांना तो सण वाटे. आजी, काकू, आत्या यांच्या दृष्टीने मात्र तो वर्षातील सर्वांत कष्टाचा महिना होता.

पुढे हे ज्ञान ग्रंथबद्धही झाले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि घरोघरी पोहोचले. परंतु पाककृती प्रमाण सांगते, आठवण चव सांगते. चुलीपुढचा आणि अंगणातला श्रम या दोहोंच्या मधून निसटतो. १९८२च्या गिरणी संपानंतर अनेक चाकरमान्यांची कुटुंबे विस्कटली आणि गाव व मुंबई यांचे जुने नातेही बदलले. त्यामुळे त्या श्रमाच्या साक्षीदार स्त्रियांकडून ऐकून घेण्याची संधी दिवसेंदिवस आटत आहे.

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रायवळाच्या रसाचे थर देणाऱ्या हातांची नोंद मात्र आपल्याला या ललित पानांतूनच शोधावी लागते. म्हणून अशा आठवणी वाचताना अभ्यासकाने एक साधा प्रश्न विचारावा: हे सारे रांधणारी स्वतः केव्हा जेवली?