केळवे, मोठा 'एल' आणि मेक

मागच्या वीकांताला केळव्याला मामाकडे गेलो होतो. विरारला डहाणू लोकल पकडायची, केळवे रोडला उतरायचं, पुढे रिक्षा. बेत समुद्रावर लोळायचा होता. पण मामाने जुना संगणक पुढ्यात ठेवला. आजीने सांगितलेल्या वाडवळी शब्दांची यादी त्यात दोन ठिकाणी होती. आजी आता नाही.

पहिली यादी म्हणजे २००१ च्या सुमाराचं एक वेबपान. उघडलं तर नुसता कचरा. डॉलर, कंस, प्रश्नचिन्हं! त्या काळचे बहुतेक मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरं बसवायचे. फाँट हरवला की मजकूरही गेला. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ सालीच मिळाली होती, पण ती आपल्या घरच्या पीसीपर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली.

दुसरी यादी अस्मादिकांनी कॉलेजात असताना टंकलेली, रोमन लिपीत, आयट्रान्स पद्धतीने. ती मात्र जशीच्या तशी शाबूत!

आयट्रान्स आठवतंय का कुणाला? अविनाश चोपडे यांनी लिहिलेला प्रोग्रॅम. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. साधी मजकुराची फाइल द्यायची, कमांड चालवायची, पलीकडून देवनागरी बाहेर. आधी टेक आणि पोस्टस्क्रिप्टसाठी, पुढे वेबपानांसाठी. नव्वदीत परदेशात बसून संस्कृत स्तोत्रं आणि हिंदी गाणी जालावर चढवणाऱ्यांची मोठी भिस्त यावरच होती. 'त'ला छोटा 'टी', 'ट'ला मोठा 'टी'. केळव्यातला 'ळ' हवा तर मोठा 'एल'. आणि मधला-शेवटचा 'ए' विसरलात की पालघरचं 'पाल्घर्' झालंच म्हणून समजा :-)

तर यादीचं संकेतस्थळ करायचं ठरलं. इथे दुसरं म्हातारं हत्यार बाहेर काढलं: मेक. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिलेलं, तेही एका वीकांताच्या खटपटीतून सुरू झालेलं. झालं होतं असं, की त्यांच्या एका सहकाऱ्याने चूक दुरुस्त केली, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायचीच राहिली, आणि ठीकठाक प्रोग्रॅममध्ये दोष शोधण्यात त्याची अख्खी सकाळ गेली. मेक काय करतं, तर फाइलींच्या वेळा बघतं. मूळ फाइल नवी आणि बनलेली जुनी असेल तरच पुन्हा रांधायचं, नाहीतर हात लावायचा नाही. ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, स्पेस चालत नाही, हा जाच पहिल्या दिवसापासूनचा. फेल्डमनना तो बदलावासा वाटला तेव्हा डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांची गैरसोय नको म्हणून राहू दिला. त्या डझनाचं ओझं आपण आजही वाहतोय! (याच मेकसाठी २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर पुरस्कार त्यांना मिळाला. टॅबसाठी नसावा.)

आजकाल २००८ चं जेकिल किंवा २०१३ चं ह्यूगो आहे. 'ह्यूगो न्यू साइट' म्हटलं की फोल्डरं तयार, नुसतं 'ह्यूगो' म्हटलं की पानं तयार. मीही सांगाडा ह्यूगोचाच घेतला. मेकचं काम एवढंच: रोमन फाइल बदलली की आधी देवनागरी कर, मग ह्यूगो चालव.

पहिल्या बिल्डमध्ये सगळीकडे पाय मोडलेली अक्षरं. कॉलेजातल्या आळसाने मी 'ए' गाळले होते. शब्दाच्या शेवटचे एका सेड कमांडने भरून टाकले. मधले भरायला बोटं शिवशिवत होती, पण थांबलो. एखाद्या ठिकाणी तो माझा आळस असेल, एखाद्या ठिकाणी आजी खरंच जोडाक्षर म्हणत असेल. फाइल काय सांगणार?

मग मामीला ओसरीवर बसवलं. ती शब्द मोठ्याने म्हणायची, मी दुरुस्त करून मेक मारायचो, ती पडद्यावर पाहून मान हलवायची. काही शब्दांवर मामा-मामीचंच जुंपलं. रात्री जेवणाआधी अकरा शब्द उरले, जे दोघांनीही कधी ऐकले नव्हते. ते टंकले होते तसेच ठेवलेत, पुढे प्रश्नचिन्ह घालून. मामीची थोरली बहीण माहीमला असते, पुढच्या खेपेला तिच्याकडे जायचंय.